टॅबवरचा नाजूक प्रश्न : मुलाचं उत्तर कुठे कुठे फुटतं

नववीचा वर्ग. एका बाकावर दोन मुलं आणि दोघांपुढे कागदी प्रश्नावली. सतरावा प्रश्न आहे, ‘तू कधी तंबाखू खाल्ला आहेस का?’ उत्तर ‘हो’ असेल तर खालचे अ, ब, क, ड सोडवायचे. ‘नाही’ असेल तर पान उलटून अठराव्यावर जायचं. शेजारच्या मुलाला उत्तर वाचायची गरजच उरत नाही. सगळ्यांनी पान उलटलं आणि एकाने उलटलं नाही, एवढं त्याला पुरतं.

मुलांना हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग हुशार मुलगा ‘नाही’ लिहितो आणि पान उलटतो.

व्यसन, मारहाण, शाळेतली दादागिरी, नकोसा स्पर्श, जीव द्यावासा वाटणं. अशा विषयांवर शाळकरी मुलांना विचारायचं तर कागदाऐवजी टॅब द्यावा, ही कल्पना या अडचणीतून आली. मूल कानात इअरफोन घालतं, प्रश्न ऐकतं, पडद्यावर बोट टेकवतं आणि पुढचा प्रश्न येतो. समोर विचारणारं माणूस नाही, उलटायला पान नाही, ओळखू येईल असं अक्षर नाही.

याचा फरक किती पडतो? अमेरिकेत १९९५ साली १५ ते १९ वयाच्या मुलग्यांचं एक राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुलांचे गट पाडले. काहींना कागद दिला, काहींना बोलणारा संगणक. दुसऱ्या मुलाशी किंवा पुरुषाशी लैंगिक संपर्क आल्याचं कागदावर १.५ टक्के मुलांनी सांगितलं, संगणकावर ५.५ टक्क्यांनी. १९९८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे आकडे छापून आले. आपल्याकडेही टॅबच्या आधीच्या काळातली एक साधी युक्ती आहे. वाशीहून खाडी ओलांडली की देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. या संस्थेने पॉप्युलेशन कौन्सिल या संशोधन संस्थेबरोबर २००६-०७ च्या सुमारास महाराष्ट्रासह सहा राज्यांत १५ ते २४ वयाच्या तरुणांचा अभ्यास केला. त्यात मुलाखतीच्या शेवटी एक कार्ड दिलं जायचं. तरुणाने त्यावर लग्नाआधीच्या संबंधांबद्दल खूण करायची आणि ते लिफाफ्यात बंद करायचं. तोंडी ‘नाही’ म्हणालेल्यांपैकी काहींनी त्या कार्डावर ‘हो’ लिहिलं.

पण टॅब वाटले की मुलं खरं सांगतात, असं नाही. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने शाळेतल्या मुलांमध्येच कागद आणि संगणक यांची तुलना केली, तेव्हा मुलांना कागदच जास्त खासगी वाटला. कोणत्याही शाळेच्या संगणक कक्षात उभं राहून पाहिलं तर कारण लक्षात येतं. पडदे उभे असतात, आणि मागच्या रांगेतल्याला पुढच्या चौघांचं सगळं दिसतं. ‘कोणाला कळणार नाही’ असं बाईंनी सांगून काही होत नाही. ते तसं आहे की नाही, हे मूल स्वतः तपासतं. म्हणून पुढचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी आहे : उत्तर जिथून जिथून फुटू शकतं ती प्रत्येक जागा बंद करणं.

प्रश्न लिहिताना

सुरुवात भाषेपासून होते, आणि मराठीत इथे एक अडचण आहे जी इंग्रजी प्रश्नावलीत नसते. ‘तू कधी घर सोडून पळून गेला आहेस का?’ या प्रश्नाला लिंग आहे. कागदावर ‘गेला/गेली’ अशी तिरकी रेघ मारून भागतं, पण ती रेघ मोठ्याने वाचता येत नाही. मुलीच्या कानात ‘गेला आहेस’ असा आवाज आला की हा प्रश्न आपल्यासाठी नाही, असं तिला वाटतं. याला दोन उपाय आहेत. एक, सुरुवातीच्या उत्तरावरून मुलगा-मुलगी असे दोन वेगळे ध्वनिमुद्रित संच चालवायचे. दुसरा, वाक्यच असं रचायचं की लिंग लागू नये : ‘तुझ्यावर कधी घर सोडून जायची वेळ आली का?’, ‘तुला असं कधी वाटलं का?’, ‘तू कधी दारू चाखली आहेस का?’ दुसरा उपाय बरा. ध्वनिफिती निम्म्याच लागतात, आणि जे मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी यांपैकी कशातच बसवत नाही, तेही अडखळत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत एकाच वस्तीत मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा असतात. तुर्भे, दिघा, वागळे इस्टेट भागातल्या वर्गात मराठवाड्यातून आलेलं मूल, आगरी बोलणारं मूल आणि घरी भोजपुरी बोलणारं मूल एका बाकावर भेटतं. आठवीतल्या प्रत्येकाला सलग वाचता येईलच असं धरून चालू नये. म्हणूनच आवाज महत्त्वाचा. भाषा मुलाने स्वतः निवडावी, शाळेच्या माध्यमावरून ठरवू नये. मुंब्र्याच्या उर्दू शाळेतलं एखादं मूल हिंदी आवाज निवडेल, तर निवडू द्या. आवाज विशीतल्या व्यक्तीचा, संथ आणि ‘तू’ म्हणणारा असावा. शिक्षकी सूर कानाला लगेच कळतो आणि मूल परीक्षेसारखी ‘बरोबर’ उत्तरं द्यायला लागतं.

मोठ्या शब्दांनी प्रश्न फसतात. ‘छळ’, ‘अत्याचार’, ‘लैंगिक’ हे शब्द वापरले की मुलाला आधी स्वतःच्या अनुभवाला ते नाव द्यावं लागतं, आणि ते नाव बहुतेक मुलं देत नाहीत. त्याऐवजी जे घडतं तेच विचारावं : ‘कोणी तुला हाताने, पट्ट्याने किंवा काठीने मारलं का?’, ‘तुला नको असताना कोणी तुझ्या शरीराला हात लावला का?’

मशेरीचं उदाहरण तर प्रत्येकाने भिंतीवर लावून ठेवावं असं आहे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड आजी दात घासायला वापरते, आणि नातही तीच बोटावर घेते. तिला ‘तू तंबाखू खातेस का?’ विचारलं तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच असेल. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखूचं चालू सेवन नोंदवलं होतं. असा आकडा आपल्या शहरासाठी काढायचा असेल तर मशेरी, मावा, गुटखा, चुना लावलेला तंबाखू, विडी, सिगारेट आणि व्हेप यांचा एकेक प्रश्न, शक्यतो चित्रासह, वेगळा विचारावा लागतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणून तो यादीतून गाळू नका. व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगण्याचाही स्वतंत्र प्रश्न हवा.

‘गेल्या १२ महिन्यांत’ हे मुलांना मोजता येत नाही. ‘गेल्या गणपतीपासून’ सोपं वाटतं, पण गणपतीची तारीख दरवर्षी सरकते आणि तो प्रत्येक घरात येत नाही. ‘जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून’ ही खूण मात्र सगळ्या माध्यमांच्या मुलांना सारखीच लागू पडते.

‘उत्तर द्यायचं नाही’ हा पर्याय प्रत्येक प्रश्नाला, इतर पर्यायांच्याच आकाराचा आणि रंगाचा ठेवा. ‘हो’ हिरवं आणि ‘नाही’ लाल असं केलं तर दोन बाकांवरूनही उत्तर कळतं.

यंत्राच्या आत

ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स यांसारखी सर्वेक्षणाचे फॉर्म बनवायची साधनं अँड्रॉइड टॅबवर इंटरनेटशिवाय चालतात, आणि प्रत्येक प्रश्नाला प्रत्येक भाषेची ध्वनिफीत जोडता येते. फॉर्ममध्ये ‘ऑटोप्ले’ लावलं की प्रश्न उघडताच आवाज सुरू होतो. इथवर सगळ्यांचं जमतं. पुढच्या बारीक गोष्टी राहून जातात.

पहिली म्हणजे उपप्रश्नांची. पान उलटण्याची भानगड टॅबवर दुसऱ्या रूपात परत येते. ‘हो’ म्हणणाऱ्याला चार प्रश्न जास्त येतात, म्हणून तो उशिरा संपवतो, आणि वर्ग बघतो की शेवटी कोण उरलं. यावर तोड म्हणजे ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही चारच प्रश्न द्यायचे, साधे, चहा-वेफर्सचे किंवा खेळाचे. दोन्ही वाटांची लांबी सेकंदात मोजून जवळपास सारखी करा. शिवाय संपल्यावर पडद्यावर एखादं कोडं किंवा रंगवायचं चित्र ठेवा, म्हणजे संपवलेला आणि न संपवलेला दोघेही खाली मान घालूनच बसलेले दिसतात.

दुसरी, ओडीकेमधला ‘जंप’चा पर्याय. त्यावर बोट पडलं की आतापर्यंतची सगळी उत्तरं एका यादीत उलगडतात. तो, आणि ‘जतन केलेला फॉर्म पुन्हा उघडा’ हा पर्यायही, ॲडमिन पासवर्ड लावून बंद करा. फॉर्म कूटबद्ध ठेवला तर पूर्ण झाल्यावर तो त्या टॅबवर कोणालाच उघडता येत नाही. किल्ली विश्लेषण करणाऱ्याकडे राहते. टॅब चोरीला गेला तरी उत्तरं बाहेर जात नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. फॉर्ममध्ये नाव नाही, रोल नंबर नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ आणि यंत्राचा क्रमांक फॉर्म गुपचूप नोंदवत असतो. कोबोच्या नव्या फॉर्ममध्ये सुरुवात-शेवटाची वेळ आपोआप जोडलेली असते. टॅब रोल नंबरप्रमाणे वाटले असतील तर हजेरीपट शेजारी ठेवून कोणीही सांगू शकेल की १४ नंबरच्या टॅबवर कोण होतं. त्यामुळे यंत्राचा क्रमांक आणि जागेची नोंद काढून टाका, घड्याळाच्या वेळेऐवजी फक्त लागलेले सेकंद ठेवा, आणि टॅब टेबलावर पालथे घालून मुलांना हवा तो उचलू द्या. फॉर्म एकेक न पाठवता दिवसअखेर एकदम पाठवा.

अक्षरंही तपासा. स्वस्त टॅबवर ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणि ‘ॲ’ तुटून चौकोन दिसतात. उर्दूचा मजकूर उजवीकडून लागतो का, हे उर्दू वाचणाऱ्यानेच पाहायला हवं.

वर्गात

शाळेचा एक तास साधारण ३५ मिनिटांचा. पन्नास प्रश्नांचं गणित असं : प्रत्येक ध्वनिफीत १० ते १२ सेकंद, उत्तराला ५ ते ८ सेकंद, म्हणजे प्रश्नाला सुमारे १८. एकूण १५ मिनिटं झाली. पण काही मुलं प्रत्येक प्रश्न दोनदा ऐकतात, त्यांना सुमारे २५ मिनिटं लागतात. त्याआधी माहिती सांगणं, इअरफोन बसवणं, सरावाचे तीन प्रश्न, आणि नंतर टॅब गोळा करणं. जोडून दोन तास मागून घ्या. ५० प्रश्नांच्या वर जाऊ नका. थकलेलं मूल शेवटच्या दहा प्रश्नांना डोळे मिटून एकच पर्याय दाबतं, आणि नाजूक प्रश्न बहुधा तिथेच असतात. ते मधल्या टप्प्यात घ्या, शेवटी हलके प्रश्न ठेवा.

पटावर पन्नास मुलं आणि हातात पंचवीस टॅब असतील तर वर्गाचे दोन भाग होतात. हे भाग मधल्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे पडू देऊ नका. सुट्टीत प्रश्न फुटतात, आणि दुसरा गट ‘काय लिहायचं’ हे ठरवूनच आत येतो. सकाळ आणि दुपारच्या सत्रातल्या त्याच इयत्तेचंही तेच. गेटवर एक सत्र सुटतं आणि दुसरं भरतं, तेव्हा तिथे सगळी बातमी पोचते. म्हणून एका शाळेचं काम एकाच दिवशी उरका आणि पंचवीसला दोन टॅब जादा ठेवा. चार्जिंग आदल्या रात्री. वर्गातल्या एकुलत्या प्लगच्या भरवशावर राहू नका.

एका बाकावर एकच मूल, आणि टॅब हातात उभा न धरता बाकावर आडवा. खिडकीजवळच्या बाकावर उजेडाने पडदा दिसत नाही म्हणून मूल तो उचलून धरतं. तो बाक रिकामा ठेवलेला बरा. वर्गशिक्षकांनी दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर बसावं. वर्गात फिरणारं कोणी नको, सर्वेक्षकही नको. तो समोर उभा राहतो आणि हात वर केला तरच जवळ येतो, तेही मुलाच्या समोरून, म्हणजे पडदा त्याला उलटा दिसतो.

इअरफोन एकाच कानात घालायला सांगा. दोन्ही कान बंद असलं की मूल नकळत मोठ्याने बोलतं. ‘बाई, मावा म्हणजे काय?’ हे सगळ्या वर्गाला ऐकू गेलं की त्या मुलाला तो प्रश्न आला, हे सगळ्यांना कळतं. त्यासाठी पडद्यावरच ‘नीट समजलं नाही’ असं बटण ठेवा. त्यात तोच प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा ऐकू येतो. इअरफोनची पिन अर्धवट बसली तर आवाज स्पीकरवरून बाहेर येतो. म्हणून पहिला सरावाचा प्रश्न ‘आज शाळेत येताना पाऊस होता का?’ असा निरुपद्रवी असावा. त्यावेळी खोलीत आवाज झाला तर थांबून प्रत्येक पिन तपासता येते. इअरफोन प्रत्येक मुलानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

संमती, कायदा आणि मदत

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती तर लागतेच, शिवाय १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची लेखी सहमतीही लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक. ओळख पटवणारी माहिती गोळा करणार असाल तर पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीचा प्रश्न येतो. सह्यांचे कागद वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात ठेवा. टॅबच्या उत्तरांशी त्यांचा कोणताही क्रमांक जुळता कामा नये.

संमतीपत्र दप्तरातून घरी पाठवलं की ते दप्तरातच राहतं. सही होऊन परत येतात ते लक्ष देणाऱ्या घरांचे कागद. ज्या घरात मारहाण आहे, त्या घरातला कागद येत नाही, आणि मग आपलं सर्वेक्षण सुखी घरांपुरतं उरतं. पालकसभेत समोरासमोर बोलणं, दोन्ही सत्रांच्या वेळा सांभाळून शनिवारी पुन्हा बसणं, शाळा व्यवस्थापन समितीला प्रश्नावली आधी दाखवणं, याला पर्याय नाही.

सगळ्यांत अवघड जागा पॉक्सो कायद्याची. २०१२ च्या या कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. उत्तर निनावी असेल तर कुठलं मूल हे कळतच नाही. मग जे मूल टॅबवर पहिल्यांदाच हे सांगतंय, त्याला वाटतं की आता कोणीतरी येईल, आणि कोणीच येत नाही. ही फसवणूक होऊ नये म्हणून सुरुवातीलाच, त्यांच्या भाषेत, सांगायला हवं : ‘टॅबवरचं उत्तर तुझं आहे हे आम्हाला कळणार नाही, म्हणून ते वाचून आम्ही तुझ्या मदतीला येऊ शकणार नाही. मदत हवी असेल तर आम्हाला तोंडाने किंवा चिठ्ठीने सांग. तुला कोणी इजा करत असेल तर ते आम्हाला आमच्यापाशी ठेवता येणार नाही, पुढे कळवावं लागेल. ते कसं करायचं हे आम्ही आधी तुझ्याशी बोलू.’

चिठ्ठीची रीत अशी. शेवटी प्रत्येकाला कागद द्यायचा. सगळ्यांनी त्यावर आवडता खेळ लिहायचा. ज्याला बोलायचं आहे त्याने खाली नाव लिहायचं. सगळ्यांनी घडी घालून एकाच डब्यात टाकायची. पेन सगळ्यांचंच चालतं, त्यामुळे एकटं कोणी उठून दिसत नाही. चिठ्ठ्या शाळा सुटायच्या आत उघडायच्या. समुपदेशक त्याच दिवशी शाळेत हवा, आणि पुढच्या आठवड्यातही. मुलाला बोलावताना शिपायाने वर्गात येऊन नाव पुकारलं की झाकलेलं सगळं उघडं पडतं. खेळाच्या निमित्ताने सहा-सात जणांना एकत्र बोलवा आणि त्यात त्याला वेगळं भेटा.

घरी न्यायचं मदतीचं कार्डही विचार करून बनवावं लागतं. फक्त १०९८ छापलेलं कार्ड चुकीच्या माणसाच्या हाती लागलं तर मुलालाच मार बसेल. ११२, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या टेली-मानसचा १४४१६ असे सगळे क्रमांक एका ओळीत, मागे वेळापत्रक, म्हणजे ते साधं शाळेचं कार्ड होतं.

आकडे हाती आल्यावर

काही मुलं मजेत उत्तरं देतात. त्यांना ओळखायला अस्तित्वातच नसलेल्या अमली पदार्थाचा एक प्रश्न घालतात. अमेरिकेतल्या शालेय सर्वेक्षणांत ‘डर्बिसॉल’ हे असंच बनावट नाव वापरलं गेलं. त्याला ‘हो’ म्हणणारं, शिवाय ध्वनिफिती संपायच्या आतच पन्नास उत्तरं देऊन मोकळं झालेलं मूल बाजूला काढता येतं. पण दोन खुणा एकत्र असल्याशिवाय कोणाला वगळू नका. फार ‘हो’ म्हणतं, एवढ्यावरून तर मुळीच नाही. मार खाणारं मूल दादागिरीलाही बळी पडलेलं असतं, त्याला झोपही येत नसते आणि मरावंसंही वाटत असतं. त्याची सगळी उत्तरं ‘हो’ असणं हेच खरं असू शकतं.

आधीच्या वर्षी कागदावर आणि यंदा टॅबवर विचारलं असेल, तर वाढलेला आकडा व्यसनाची वाढ सांगतो की विचारण्याची पद्धत बदलल्याची, हे वेगळं करता येत नाही. बदलाच्या वर्षी निम्म्या वर्गांना कागद आणि निम्म्यांना टॅब दिला, तेही चिठ्ठ्या टाकून, तर पद्धतीचा फरक मोजता येतो.

मुख्याध्यापक विचारणारच, ‘आमच्या शाळेत किती?’ प्रश्न काळजीचा असतो. पण दहावीच्या तुकडीत सात मुली असतील आणि अहवालात ‘त्यांपैकी एक’ असं छापलं गेलं, तर संध्याकाळपर्यंत ती कोण हे वस्तीत ठरवलं जाईल, आणि बहुधा चुकीचं. ज्या गटात दहापेक्षा कमी मुलं आहेत, त्याचा आकडा छापायचा नाही. वय, लिंग, इयत्ता आणि माध्यम एकत्र करून गट पाडायचे नाहीत. शाळेला तिचा स्वतंत्र आकडा न देता आसपासच्या सहा-आठ शाळांचा मिळून द्यायचा. हे मुख्याध्यापकांना परवानगी मागायला गेल्या दिवशीच सांगून, लेखी घेऊन ठेवा.